गणपतीच्या कारखान्यातून गेटवेपर्यंत

मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोरच्या बागेत शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. २६ जानेवारी १९६१ रोजी तो तिथे उभा राहिला. महाराष्ट्र राज्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते आणि पंचम जॉर्जच्या पुतळ्याची सद्दी संपून महाराजांची सुरू झाली होती. त्या पुतळ्यापुढे फोटो काढून घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की तो घडवणारा माणूस कल्याणचा होता आणि त्याच्या हाताला पहिले वळण लागले ते गणपतीच्या कारखान्यात. सदाशिव दत्तात्रेय साठे, म्हणजेच भाऊ साठे. जन्म १७ मे १९२६, निधन ३० ऑगस्ट २०२१. पुतळा उभा राहिला तेव्हा ते अवघ्या चौतिशीत होते.

मातीकाम करणारा हात व्यक्तिचित्र, व्यक्तिशिल्प किंवा निसर्गचित्राकडे कसा वळतो, या प्रश्नाकडे आपण सहसा भाबडेपणाने पाहतो. ‘उपजत देणगी’ म्हटले की विषय मिटला! मग त्या देणगीला वाट कोणी करून दिली, ती कुठे अडली असती, आज तशीच देणगी असलेल्या एखाद्या पोराचे कल्याण-भिवंडी रस्त्यालगतच्या शेडमध्ये काय होते, हे विचारायची गरज उरत नाही. साठ्यांची कारकीर्द नीट पाहिली तर उत्तर फारसे गूढ नाही. या वाटेला तीन गोष्टी लागतात: कारखाना, शाळा आणि काम देणारा जाणकार. पहिल्या दोन आपल्याकडे कशाबशा तग धरून आहेत. बिघडली आहे ती तिसरी.

आधी कारखान्याचे पाहू. गणपतीचा कारखाना म्हणजे काय, हे कोकणातल्या आणि जुन्या कल्याण-ठाण्यातल्या माणसाला सांगायला नको. शाडू भिजत घालायचा, खडे काढून मळायचा, साच्यात दाबून भरायचा. हात, सोंड, कान वेगळे काढून ओल्या मातीने जोडायचे. जोड दिसेनासा होईपर्यंत ओल्या बोटाने गुळगुळीत करायचा. सावलीत वाळवायचे, कारण उन्हात घातली की मूर्ती तडकते. मग पांढरा हात, अंगाचा रंग, पीतांबर, दागिने. आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळ्यांची आखणी कारखान्यातला प्रत्येक जण करीत नाही. ते काम एकदोघांचेच असते, बहुधा घरातल्या थोरल्याचे. बारीक ब्रश, भुवईची एक रेघ, पापणीची एक, मग बुबुळ. रेघ ओढताना श्वास रोखलेला असतो आणि मूर्तीला टेकवलेली करंगळी हलत नाही. डावा डोळा उजव्याशी जुळला नाही तर आठवड्याची मेहनत फुकट. गिऱ्हाइकाने नाव घालून ठेवलेल्या पाटावर ती मूर्ती चढत नाही.

अशा घरात वाढणाऱ्या मुलाला शाळेत जाण्याआधीच काही गोष्टी येतात. माती किती ओली असली की आकार धरते आणि कधी ढासळते, हे त्याच्या बोटांना कळते. गोलाई म्हणजे काय, हे त्याला कागदावर शिकवावे लागत नाही. एकच आकार शंभरदा करण्याचा कंटाळा त्याला येत नाही, आणि ठरलेल्या तारखेला काम हातावेगळे करायची सवय लागलेली असते, कारण चतुर्थी कोणासाठी पुढे जात नाही. कलाशाळेत पहिली दोन वर्षे ज्यावर खर्ची पडतात त्यातले बरेचसे त्याने घरीच उरकलेले असते.

पण इथेच एक अडचणही असते, आणि आमच्या मते कारागिराचा कलावंत होण्यातली खरी अवघड पायरी ती आहे. गणपतीचा चेहरा आधीपासून ठरलेला आहे. तो सुंदर, प्रसन्न आणि प्रमाणबद्ध असलाच पाहिजे. मूर्तिकाराचे कौशल्य त्या ठरलेल्या चेहऱ्याजवळ पोचण्यात आहे. व्यक्तिचित्रात नेमके उलट. समोर बसलेल्या माणसाचे नाक एका बाजूला कललेले असते, एक भुवई वर असते, हनुवटीखाली मांस लोंबत असते. हाताला लागलेले वळण ते सगळे सरळ करायला धावते. ते सरळ केले की चेहरा देखणा होतो आणि माणूस हरवतो. आपल्या गावोगावच्या चौकांतले कितीतरी पुतळे याच दोषाने आजारी आहेत: गांधी, आंबेडकर, फुले, टिळक, सगळे एकाच साच्यातून निघाल्यासारखे गुळगुळीत, चष्मा, पगडी आणि कोट काढून घेतले तर कोण कोणता ते ओळखू येणार नाही. हाताला लागलेले हे वळण मोडायला शाळा लागते. समोर जिवंत माणूस बसवून, कॅलिपरने कानापासून नाकापर्यंतचे अंतर मोजून, ‘तुला जे माहीत आहे ते नको, जे दिसते ते कर’ असे रोज बजावणारा कोणीतरी लागतो.

निसर्गचित्राचे तर याहून अवघड. मूर्तीला क्षितिज नसते. ती जवळून पाहायची वस्तू आहे, तिच्यामागे अंतर नाही, हवा नाही. दूरचा डोंगर निळसर का दिसतो आणि रस्ता पुढे निमुळता का होतो, हा विचार मूर्तिकामात कधी करावाच लागत नाही. ठाण्याशी या गोष्टीचा एक जुना धागा आहे. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला. निसर्गदृश्ये आणि व्यक्तिचित्रे, दोन्हींत त्याचा हात चालत असे. पुण्यात त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रे रंगवली, आणि मुंबई बेटाच्या व आसपासच्या परिसराच्या त्याच्या बारा दृश्यांचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर १८०० मध्ये प्रसिद्ध झाला. शनिवारवाड्यात पेशव्यांच्या आश्रयाने आणि रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या पुढाकाराने चित्रकलेचे जे शिक्षण सुरू झाले, त्यात वेल्सच्या हाताखाली तयार झाला गंगाराम चिंतामण तांबट. आडनावच घराण्याचा धंदा सांगते. धातूच्या आणि मूर्तीच्या कामातला हा माणूस कागदावर आला, यथार्थदर्शन शिकला, आणि वेरूळच्या लेण्यांची, पुण्यातल्या पैलवानांची, पेशव्यांच्या पदरच्या गेंड्याची चित्रे काढू लागला. ती चित्रे आज परदेशी संग्रहांत आहेत. वेल्स साष्टी बेटावर कान्हेरीच्या लेण्यांचे काम करीत असताना तापाने आजारी पडला आणि नोव्हेंबर १७९५ मध्ये ठाण्यात वारला. त्याच्या काही दिवस आधी सवाई माधवरावही गेले होते. पुण्यातली ती शाळा मग रुजलीच नाही. आश्रयदाता आणि गुरू एकाच हंगामात गेले की काय होते, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला शोधूनही मिळणार नाही.

संस्था म्हणून शाळा आली ती १८५७ मध्ये, मुंबईत, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. तिच्यावर इंग्रजी वळणाचा आरोप खूप झाला आणि त्यात तथ्यही आहे. तरी कारागिरांच्या आणि मूर्तिकारांच्या मुलांना जिवंत माणूस समोर ठेवून काम करायला तिनेच शिकवले, हेही तितकेच खरे. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१, यांचे उदाहरण साठ्यांच्या आधीचे आणि जवळजवळ त्याच वाटेचे. घरात गणपती होत असत. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी त्याला जे. जे.त पाठवले. पुढे करमरकरांनी कोलकात्यात स्टुडिओ थाटला, लंडनला रॉयल अकादमीत शिक्षण घेतले, आणि १९२८ मध्ये पुण्यात शिवाजी मिलिटरी स्कूलच्या आवारात त्यांनी घडवलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. एवढा मोठा पुतळा एकसंध ओतण्याचे काम माझगावच्या गोदीत झाले. त्या काळी हिंदुस्थानात हे धाडस होते.

कलेक्टर त्या देवळात गेला नसता तर? हा प्रश्न रंजक वाटतो, पण त्याच्या पोटात एक नकोशी गोष्ट दडली आहे. साठे आणि करमरकर यांच्या हातात माती होती, तरी ही कुंभार घराणी नव्हेत. कोकणात गणपती करणे हा अनेक जातींतला धंदा होता आणि साक्षर घरांतली मुले त्या कारखान्यातून जे. जे.च्या दारापर्यंत पोचू शकली, कारण अर्ज कसा करायचा, मुंबईत कोणाकडे उतरायचे, हे सांगणारे कोणीतरी घरात होते. माठ, पणत्या, कुंड्या, संक्रांतीची सुगडी करणाऱ्या कुंभाराच्या मुलाकडे हात तोच होता, किंबहुना चाकावरचा हात अधिक तयार. त्याला दार दिसले नाही. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या सुतारघरातून आलेले राम सुतार जे. जे.तून पुढे १८२ मीटरच्या सरदार पटेलांच्या पुतळ्यापर्यंत गेले, ते श्रीराम कृष्ण जोशी यांच्यासारखा गुरू गावाजवळच्या शाळेत भेटला म्हणून. असे जोशी मास्तर सगळ्यांना भेटत नाहीत. आणि दुसऱ्या बाजूला ठाणे जिल्ह्यातलेच एक उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे: मूळचे बिहारच्या नवादा जिल्ह्यातल्या कुंभार घरातले ब्रह्मदेव राम पंडित यांनी भाईंदरला भट्टी उभारली, कुंभारकाम सोडले नाही, ते कामच कलेच्या पातळीवर नेले आणि २०१३ मध्ये पद्मश्री मिळवली. कुंभाराने चित्रकार झालेच पाहिजे असे मुळीच नाही. पण व्हायचे असेल तर वाट असावी, इतकेच.

साठ्यांकडे पुन्हा येऊ. स्वातंत्र्याच्या सुमारास ते जे. जे.तून शिकून बाहेर पडले आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच, वयाची तिशीही न ओलांडता, जुन्या दिल्लीतल्या गांधीजींच्या पुतळ्याचे काम त्यांना मिळाले. त्यानंतर गेटवेचे शिवाजी महाराज. पुढे लॉर्ड माउंटबॅटन आणि प्रिन्स फिलिप यांची व्यक्तिशिल्पे. कल्याणच्या कारखान्यात वाढलेल्या माणसासमोर ब्रिटिश राजघराण्यातले चेहरे आले आणि त्याने ते मातीत उतरवले. यातली गंमत इतिहासाच्या विद्यार्थ्यांना वेगळी सांगायला नको. पण आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते काम मिळण्याचे क्रमवार चढणे. तिशीच्या आतल्या शिल्पकाराला राजधानीतले काम देणारे कोणीतरी होते, आणि ते काम पाहून पुढचे देणारेही होते.

मोठा पुतळा होतो कसा, हे ठाऊक असल्याशिवाय पुढचा मुद्दा नीट कळणार नाही. आधी हातभर उंचीचा मातीचा नमुना होतो. तो पटला की मोठा. आत लोखंडी सांगाडा, त्यावर माती. काम महिनोन्‌महिने चालते. रात्री माती वाळू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागते, सकाळी फडके काढले की पुन्हा पाण्याचा हात. पूर्ण झाल्यावर प्लास्टरचा साचा, मग मेण, मग ओतकाम. नमुना हातभर असताना घोड्याचा पुढचा उचललेला पाय सुंदर दिसतो. तोच आकार दहापट वाढवला की वजन दहापट वाढत नाही, कितीतरी अधिक वाढते. आणि त्यावर समुद्राचा वारा. म्हणून जाणता शिल्पकार नमुना मोठा करताना पायांची जाडी, आतला आधार, वजनाचा तोल हे सगळे नव्याने पाहतो आणि अभियंत्याला सोबत घेतो. गेटवेचा पुतळा खाऱ्या वाऱ्यात साठहून अधिक वर्षे उभा आहे.

आता त्याच कल्याणची दुसरी गोष्ट. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला ३५ फुटांचा शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. ते काम ज्या तरुण शिल्पकाराकडे गेले तो कल्याणचा होता, आणि एवढ्या उंचीचे काम त्याने आधी केलेले नव्हते असे त्या वेळी सर्वत्र छापून आले. त्याच्या दोषाचा निवाडा न्यायालय करील. आमचा रोख त्याच्याकडे नाही. कला संचालनालयाकडून तेव्हा जे सांगण्यात आले ते अधिक बोलके होते: आमच्याकडे आलेल्या सहा फुटी मातीच्या नमुन्याला आम्ही मान्यता दिली होती. म्हणजे कागदोपत्री प्रक्रिया पाळली गेली होती. मातीचा नमुना पाहिला गेला. तो ३५ फुटांचा होणार, कशाचा होणार, आत काय असणार आणि तो करणाऱ्या हाताने याआधी किती उंचीची कामे केली आहेत, हे विचारणारा जाणकार मात्र त्या साखळीत कुठेच नव्हता. साठ्यांना दिल्ली मिळाली आणि मग गेटवे मिळाला. इथे पहिल्या पायरीवरून थेट गच्चीवर उडी घ्यायला लावली गेली. उडी घेणाऱ्याचे चुकले असेल, पण घ्यायला लावणाऱ्यांचे काय?

काम देणारा जाणकार बिघडला, असे आम्ही वर म्हटले ते यासाठी. पूर्वी तो कधी पेशवा होता, कधी रेसिडेंट, कधी कलेक्टर, कधी संस्थानिक. त्यांची मर्जी हा काही आदर्श व्यवहार नव्हता. एखाद्या कलेक्टरच्या फेरफटक्यावर कोणाचे आयुष्य ठरावे हे बरेही नाही. त्यांच्या जागी आता महापालिका आणि सार्वजनिक बांधकाम खाते आले. लोकशाहीत ते योग्यच. पण त्यांनी मर्जी काढून टाकताना नजरही काढून टाकली. पुतळा हा गटार किंवा पदपथासारखा निविदेचा विषय झाला, ज्याचा दर कमी त्याचे काम, मुदत उद्घाटनाच्या तारखेवरून मागे मोजलेली. अशा व्यवहारात फायबरचा साचा हाताशी ठेवून बसलेला कंत्राटदार जिंकतो आणि चेहरा समोर ठेवून सहा महिने मातीत काम करणारा हरतो.

कारखाने अजून आहेत. जुलै लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडीत ताडपत्रीच्या शेडखाली मूर्तींच्या रांगा लागतात. पण बहुतेक कारखाने आता वर्षातले तीन-चार महिनेच जागे असतात, आणि प्लास्टर ऑफ पॅरिसमुळे तिथे मातीचा हात उरला नाही. पेणहून आलेल्या कच्च्या मूर्तीवर स्प्रेने रंग मारणे हेच मुख्य काम झाले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये पीओपी मूर्तींवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वे काढली, २०२५ मध्ये उच्च न्यायालयात त्यावर बरीच ओढाताण झाली. पर्यावरणाचा मुद्दा आपल्या जागी आहेच. या निमित्ताने शाडूकडे परत वळणाऱ्या कारखान्यांत मळणारे, जोडणारे, आखणारे हात पुन्हा लागतील, ही त्याची दुसरी बाजू कोणी फारशी बोलून दाखवत नाही. शाळांतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दरवर्षी होतात, मुले हौसेने बसतात. पण कारखान्यात सोंड जोडणारा मुलगा त्या परीक्षेला बसतो का, हे पाहणारा कलाशिक्षक कितीशा शाळांत उरला आहे?

नाटकासाठी या शहरांनी पुष्कळ केले. ठाण्याला गडकरी रंगायतन, कल्याणला अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले नाट्यगृह. ठाण्यात कापूरबावडीला कलाभवनही आहे. डोंबिवलीत शिल्पांचे स्वतंत्र दालन उभे राहिले ते मात्र भाऊ साठ्यांनी स्वतःच उभारलेल्या शिल्पालयाच्या रूपाने. स्वतःच्या कामाचे संग्रहालय कलावंतालाच उभे करावे लागावे, यातून त्या शहराचा दृश्यकलेकडे पाहण्याचा दृष्टिकोन कळतो. सासवण्यालाही करमरकरांची शिल्पे त्यांच्या घरीच पाहावी लागतात.

ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि भिवंडीच्या महापालिकांकडे आमचे मागणे मोठे नाही. चौकात नवा पुतळा उभारायचे ठरले की निविदेआधी नमुन्यांची खुली स्पर्धा घ्यावी, आणि त्या नमुन्याचा प्रत्यक्ष आकार, धातू व आतला सांगाडा यांचा आराखडा अनुभवी शिल्पकार आणि अभियंता यांच्या समितीने एकत्र बसून तपासावा. मोठे काम देण्याआधी त्या शिल्पकाराची लहान कामे उभी असली पाहिजेत. तशी लहान कामे, अर्धपुतळे, भित्तिशिल्पे, शाळा-वाचनालयांतली व्यक्तिचित्रे, स्थानिक तरुणांना मिळतील अशी तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात असावी. शाडूच्या कारखान्यांना चतुर्थीनंतरही जागा आणि वीज परवडेल अशा दरात द्यावी, आणि तिथल्या मुलांची चित्रकला परीक्षेची फी महापालिकेने भरावी. यातले कोणतेच कलम महापालिकेच्या खर्चाला जड जाणारे नाही. येत्या अंदाजपत्रकाच्या चर्चेत एका तरी नगरसेवकाने हा विषय मांडावा.